कोलंबोची बाग

हेमचंद्र प्रधान वीस वर्षं आगबोटीवर कारकून होते. प्रवाशांच्या याद्या, सामानाच्या चिठ्ठ्या, बंदरोबंदरीचे कागद, हे त्यांचं काम. एकावन्न साली दम्याने त्यांना कायमचं जमिनीवर आणून बसवलं, आणि तेव्हापासून अंबरनाथच्या त्यांच्या दोन खोल्यांत संध्याकाळी कुणी आलं नाही असा दिवस उमाला आठवत नव्हता. कारखान्यातर्फे जर्मनीला निघालेले साहेब येत. मुलाकडे नैरोबीला निघालेलं बदलापूरचं एखादं जोडपं येई. उल्हासनगरच्या छावणीतले सिंधी व्यापारी येत. त्यांचे भाऊबंद हाँगकाँगपासून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत दुकानं मांडून बसले होते. अलीकडे तर नुसते हवापालटाला म्हणून सिलोनला जायचं मनात घेतलेले लोकही येऊ लागले होते. सगळ्यांना तेच विचारायचं असे. कागद कुठले लागतात, बरोबर काय न्यायचं, तिथे पाहण्यासारखं काय आहे.

हेमचंद्र खुर्चीत ताठ बसून सांगत. उमा आत चहा करत असे. चहा नेऊन दिला की ती पुन्हा आत येऊन पाटावर बसे आणि भिंतीला पाठ टेकून डोळे मिटे. झोप लागत नसे. बाहेरचं बोलणं कानावर पडत राही.

उमा दमली होती. हे दमणं आजचं नव्हतं. लग्न झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि नवरा वर्षातले नऊ-दहा महिने पाण्यावर. मालिनी आणि मधु यांची दुखणीखुपणी, शाळा, सगळं तिने एकटीने काढलं. मग सासूबाईंना, माईंना, अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या सहा वर्षं अंथरुणावर होत्या. आता माई नव्हत्या, मालिनी नागपूरला संसारात होती, मधु पुण्याला वसतिगृहात राहून शिकत होता. खरं तर आता बसायला हरकत नव्हती. पण बसलं तरी थकवा जात नव्हता. सकाळी उठतानाच अंग जड असे.

चोपन्न सालच्या डिसेंबरात हेमचंद्रांचा दमा उसळला. दोन दिवस ते उशांना टेकून बसून होते, एक शब्द बोलायचा तरी धाप लागे. तिसऱ्या दिवशी दुपारी दाराशी टांगा थांबला. पांढऱ्या कपड्यांतली, साठीपुढची एक सिंधी बाई हळूहळू खाली उतरली. बरोबर तिचा भाचा होता. उल्हासनगरला त्याचं कापडाचं दुकान. तो म्हणाला, "प्रधानसाहेब हैं? हमारी मौसी को कोलंबो जाना है. लडके के पास. दोन-तीन गोष्टी विचारायच्या होत्या."

बाईंचं नाव सतीबाई. त्यांचा मुलगा कोलंबोत दुकान चालवत होता, आणि दोन महिने ये, विश्रांती घे, हवा चांगली आहे, म्हणून पत्रांवर पत्रं पाठवत होता.

हेमचंद्रांनी बोलायला तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. उमाने त्यांची पाठ चोळली, कोमट पाणी दिलं, आणि आलेल्या माणसांना ताटकळत ठेवणं बरं दिसेना म्हणून ती दाराच्या चौकटीशी उभी राहून सांगायला लागली.

"पासपोर्टाच्या अर्जाला फोटो लावाल तो डोक्यावरचा पदर मागे घेऊन काढा, चेहरा पूर्ण दिसायला हवा. व्हिसा वेगळा लागेल, त्याला मुलाचं पत्र जोडा. देवीची लस निघायच्या निदान आठ दिवस आधी टोचून घ्या आणि दाखल्यावर शिक्का आहे ना, तो तिथेच बघून घ्या, घरी आल्यावर नाही. खोली बोटीच्या मधल्या भागातली मागा, तिथे हेलकावे कमी लागतात. पोट रिकामं ठेवू नका. सुकी पोळी आणि आल्याचा तुकडा जवळ असू द्या. ट्रंकेवर नाव दोन बाजूंनी लिहा, तेलाच्या रंगाने. चपला रबरी तळव्याच्या घ्या, डेक सकाळी धुतात, पाय घसरतो. आणि कस्टमचा माणूस विचारील तेवढंच सांगायचं, जास्तीचं नाही."

ती थांबली. हेमचंद्र खोकायचे थांबून तिच्याकडे बघत होते. भाचा खिशातून पेन्सिल काढून लिहून घेत होता.

सतीबाई म्हणाल्या, "तू गेली होतीस का कधी?"

"नाही," उमा म्हणाली. "मी कुठे जाणार."

सतीबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग भाच्याकडे वळून सिंधीत काहीतरी म्हणाल्या. तो जरा गडबडला. "मौसी म्हणते, तिला एकटीला जायचं नाही. घरातून कोई फुरसत में नहीं है. ती म्हणते, ही बाई बरोबर येईल तरच जाईन."

"तिकिटाचं माझा मुलगा बघेल," सतीबाई म्हणाल्या. "तू फक्त माझ्याजवळ बस. मुझसे ज्यादा बात भी मत करना. मला बडबड सहन होत नाही."

उमाला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. "मलाही होत नाही," ती म्हणाली.

टांगा गेला. श्वास जरा खाली बसल्यावर हेमचंद्र म्हणाले, "तू हे सगळं पाठ केलंयस?"

"पाठ कशाला करायला हवं? रोज ऐकतेच आहे."

"जाणार आहेस?"

उमाने घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा घातला. "जावं म्हणते."

पुढचे आठ दिवस हेमचंद्र अडचणी काढत राहिले. आवाज चढवून नाही, नेहमीच्या त्यांच्या सल्ल्याच्या सुरात. फेब्रुवारीत समुद्र शांत असतो हे खरं, पण नेमच नाही. परक्या बाईची जबाबदारी. तिला वाटेत काही झालं तर. माझ्या खाण्यापिण्याचं कोण बघणार. शेवटचं त्यांनी बोलून दाखवलं तेव्हा भांडी घासायला येणारी मोरिवलीची आवडी मोरीत होती. तिने तिथूनच सांगितलं, "जा बाय तू. मी हाय ना. दोन टाइम भाकरी टाकीन, भात घालीन. शेठला काय मी उपाशी नाय ठेवायची." मग जरा थांबून म्हणाली, "मी पन गेलं असतं. मना कोन नेनार?"

हेमचंद्रांना कारणं उरली नाहीत. तेव्हा त्यांनी अर्ज आणून दिला, आणि तो भरताना मात्र ते नेहमीसारखेच नीटनेटके होते. शाई डागू नये म्हणून खाली टीपकागद. 'धंदा' या रकान्यापाशी ते अडले. उमा म्हणाली, "गृहिणी लिहा." त्यांनी लिहिलं.

लस टोचल्यावर तिचा दंड सुजला, दोन दिवस ताप आला. शेजारणी पाहून गेल्या. कुणी म्हणालं, नशीब काढलंस. कुणी म्हणालं, आजारी नवऱ्याला टाकून हिंडायला जाण्याचं धाडस आपल्याच्याने नसतं बाई झालं. उमाने दोन्ही ऐकून घेतलं. तापातसुद्धा तिला एक गोष्ट सारखी आठवत होती, आणि ती म्हणजे पत्रं.

बोटीवर असताना हेमचंद्र दर बंदरातून पत्र टाकत. मोंबासाचा बाजार, एडनच्या बोडक्या टेकड्या, झांजिबारच्या लवंगांचा वास. पण सगळ्यात जास्त लिहीत ते कोलंबोबद्दल. धक्क्यापासून चार पावलांवर एक बाग आहे. पांढऱ्या दगडाच्या पायऱ्या उतरून गेलं की तळं, तळ्यात कमळं, काठाला हाताच्या पंजाएवढ्या फुलांची झाडं. तिथल्या बाकावर मी संध्याकाळी जाऊन बसतो आणि मला तुझी आठवण येते. ही पत्रं उमा वाचे ती माईंच्या चादरी पिळून झाल्यावर, ओल्या हातांनी. वाचून झालं की तिला बरं वाटण्याऐवजी पाठीत एक कळ उठे. हा माणूस बाकावर बसतो. आपण बसत नाही. एवढंच तिच्या मनात येई, आणि ते तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

बोट निघण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, ती ट्रंक भरत होती. हेमचंद्र पलंगावर बसून बघत होते. ती म्हणाली, "त्या बागेत जाऊन येईन म्हणते. धक्क्यावरून कुठल्या अंगाला वळायचं?"

हेमचंद्र म्हणाले, "ती बाग शोधत बसू नकोस."

"का? मोडली?"

"तशी बाग नाही. म्हणजे असेल कुठेतरी. मी पाहिलेली नाही."

उमाच्या हातात घडी केलेलं लुगडं होतं. ते तिने ट्रंकेत ठेवलं.

"मी उतरत नसे," हेमचंद्र म्हणाले. "बोट बंदराला लागली की आमचं काम सुरू व्हायचं. चढणाऱ्यांच्या याद्या, उतरणाऱ्यांच्या याद्या, मालाचे कागद, बंदरावरचे अधिकारी. ते संपेपर्यंत बोट सुटायची वेळ. आणि कधी चार तास मिळालेच तर मी झोपायचो. एडन काय, मोंबासा काय, सगळी बंदरं मी गोल खिडकीतून बघितली. प्रवासी परत यायचे, बोलायचे, ते मी ऐकायचो. बाग त्यातलीच. थोडी याची, थोडी त्याची."

"आणि लोकांना सांगता ते?"

"कागदांचं आहे ते खरं. पाहण्यासारखं काय आहे ते ऐकीव."

"मला का लिहिलंत?"

"तुला बरं वाटावं म्हणून. माई तशा पडलेल्या. तू इथे एकटी. आम्ही गोदीत कागद खरडतोय असं लिहून तुला काय मिळालं असतं?"

उमाला राग आला, पण तो कुठून धरावा हे कळेना. इतकी वर्षं तिने ज्या बाकाचा हेवा केला तो बाकच नव्हता. तिने ट्रंकेची कडी लावली, कुलूप अडकवलं, आणि आवडीला हाक मारून ट्रंक पुढच्या खोलीत न्यायला सांगितली. त्या संध्याकाळी ती त्यांच्याशी कामापुरतं बोलली. दुसऱ्या दिवशी मुंबईला बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर हेमचंद्र सोडायला आले, तेव्हाही सगळं कामापुरतंच. बोटीचा जिना चढताना तिने मागे वळून पाहिलं. ते गर्दीतून बाजूला होऊन दोर बांधायच्या एका लोखंडी खुंटाला हात टेकवून श्वास घेत उभे होते. हात हलवायचं दोघांनाही सुचलं नाही.

बोटीवर उमा झोपली. दुसरं काही केलं असं तिला सांगता आलं नसतं. पहिल्या दिवशी दुपारी जरा पडावं म्हणून आडवी झाली ती दिवेलागणीला उठली. सतीबाई समोरच्या फळीवर माळ ओढत बसल्या होत्या. उमा दचकून उठायला लागली.

"कशाला उठतेस?" सतीबाई म्हणाल्या.

"तुम्हाला काही हवंय का?"

"नको."

उमा पुन्हा आडवी झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. खाण्याची घंटा झाली की जाऊन जेवून यायचं, दुसऱ्याने रांधलेलं, दुसऱ्याने वाढलेलं. ताट उचलायला लागलं तर वाढणारा पोऱ्या म्हणे, राहू द्या. आणि पुन्हा येऊन झोपायचं. झोपेत तिला काही स्वप्नं पडली नाहीत. तिसऱ्या दिवशी ती जागी झाली, तर खिडकीतून ऊन आत पडलं होतं आणि अंग हलकं वाटत होतं. पण लगेच असंही वाटलं की आत अजून पुष्कळ थकवा शिल्लक आहे, आणि तो सगळा झोपून काढायचा तर ही बोट जगाला वळसा घालून यावी लागेल.

सतीबाई कमी बोलत. एकदा डेकवर बसल्या असताना आपणहून म्हणाल्या, "सिंधमध्ये, शिकारपूरला, आमच्या घराला चौदा दारं होती. आता छावणीत बॅरेकमध्ये एक दार आहे आणि त्याला पडदा. लोक म्हणतात, बाहेर फिर, मन रमेल. मला फिरायचं नाही. जितकं फिरायचं तितकं फिरून झालं."

"मग कोलंबोला का निघालात?"

"मुलगा आहे. त्याच्या घराचं दार बघते."

कोलंबोला सतीबाईंचा मुलगा मोटार घेऊन आला होता. दुकानाच्या वरच मोठा फ्लॅट होता, गच्चीवरून समुद्र दिसे. मुलगा भला होता, पण दिवसभर खाली दुकानात. एका रविवारी त्याने दोघींना मोटारीने डोंगरात नेलं, चहाचे मळे दाखवले. हिरव्या उतारांवर बायका पाठीला टोपल्या अडकवून पानं खुडत होत्या. सतीबाई सगळी वाट झोपल्या होत्या. उमा काचेतून बघत राहिली. तिला उतार दिसले, आणि त्यावर चढणाऱ्या त्या बायकांच्या पोटऱ्या दिसल्या. एक बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली, पाठ मागे वाकवली, आणि पुन्हा कामाला लागली. एवढं मात्र उमाला नीट लक्षात राहिलं.

दीड महिना संपत आला तेव्हा सतीबाई एका दुपारी म्हणाल्या, "उमा, मी येत नाही परत. भाच्याला सांग, माझी पेटी त्याने ठेवून घ्यावी. सूनबाई चांगली आहे. इथे दाराला दार आहे." मग म्हणाल्या, "तू एकटी जाशील?"

उमा म्हणाली, "जाईन." आणि म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं की तिला भीती वाटत नाही. दाखला कुठे आहे, कागद कुणापुढे कुठल्या क्रमाने ठेवायचे, काय बोलायचं, काय नाही, सगळं तिला येत होतं.

निघताना सतीबाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांना बडबड आवडत नसे म्हणून उमाही काही बोलली नाही.

परतीची बोट लहान होती, मालही नेत होती. वाटेत ती कोचीनला थांबली. चार तास थांबणार, असं खलाशाने सांगितलं. प्रवाशांपैकी बरेचजण उन्हामुळे उतरले नाहीत. उमा उतरायला निघाली. जिन्याच्या तोंडाशी एक टेबल मांडलं होतं, आणि टेबलामागे एक कारकून बसला होता. पस्तिशीचा असेल. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांना जांभळी शाई, कागदांवर दगड ठेवलेले. शेजारच्या स्टुलावर भाताची थाळी होती, तिच्यावर माशी बसत होती. एका बाजूने बंदराचा माणूस काही मागत होता, दुसऱ्या बाजूने हमाल ओरडत होते. कारकुनाने मान वर न करता उमाकडे हात पुढे केला. तिने उतरण्याची चिठ्ठी दिली. त्याने नंबर उतरवून घेतला, चिठ्ठी परत केली, आणि पुढच्या माणसाकडे हात केला.

उमा दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. मागून कुणीतरी म्हणालं, चला बाई, रस्ता द्या. ती कठड्याकडे सरकली. तिथून तिला त्या कारकुनाची फक्त मान दिसत होती. मानेवर घाम होता. तिला वाटलं, वर जावं आणि त्याला सांगावं, आधी जेवून घ्या. पण तो कोण, आपण कोण. ती खाली उतरली, धक्क्याच्या बाहेरच्या रस्त्याने थोडं चालली, एका चर्चच्या सावलीत उभी राहिली, आणि वेळेच्या कितीतरी आधी परत आली. तो अजून लिहीत होता. थाळी तशीच होती.

मुंबईला हेमचंद्र धक्क्यावर आले होते. जरा वाळले होते. तिची ट्रंक हमालाच्या डोक्यावर चढली तेव्हा त्यांनी विचारलं, "वाटेत त्रास नाही ना झाला?"

"नाही."

"सतीबाई?"

"त्या राहिल्या."

घरी आल्यावर दोन-तीन दिवस तेवढ्यावरच भागलं. संध्याकाळी माणसं येत राहिली. पण आता कुणी पाहण्यासारखं काय आहे असं विचारलं की हेमचंद्र म्हणत, "ते तुम्ही तिथल्या माणसांना विचारा. मला कागदांचं विचारा." एकजण म्हणाला, अहो, एवढी वर्षं तुम्ही हिंडलात. ते म्हणाले, "मी हिंडलो नाही, मी नोकरी केली." उमाने आतून ते ऐकलं.

रविवारी दुपार उतरल्यावर दोघं महादेवाच्या देवळाकडे चालत गेली. हेमचंद्रांना चढ झेपत नसे, पण हा रस्ता सपाट होता. दर्शन घेऊन ती मागच्या अंगाला, नदीच्या बाजूला दगडावर बसली. चैत्र लागलेला, नदीला पाणी कमी. पलीकडे कारखान्याच्या चिमणीतून धूर सरळ वर जात होता.

हेमचंद्र म्हणाले, "बाग बघितलीस का कुठली?"

"एक बघितली. धक्क्यापासून लांब होती, मोटारीने गेले. तळं होतं, पण पाणी काढून टाकलेलं. मजूर गाळ उपसत होते."

"अरे."

"बाक होता. तासभर बसले."

"मग?"

"मग काही नाही. पाय दुखत होते, बरं वाटलं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुमची पत्रं मी ठेवली नाहीत. माई गेल्या त्या वर्षी बंबात घातली. तुम्ही विचाराल म्हणून मनात भीती होती. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

हेमचंद्रांनी मान हलवली. "बरं केलंस."

"राग आला होता मला. तुम्ही तिथे मजेत बसलाय आणि मी इथे, असं वाटायचं. ती वाचून जास्तच दमायला व्हायचं."

"मला कसं कळणार ते?"

"कळणार नव्हतंच. मी कुठे लिहीत होते. मीही सगळं ठीक आहे असंच लिहीत होते." मग तिने कोचीनच्या कारकुनाची गोष्ट सांगितली. थाळी, माशी, जांभळी बोटं. फार लांबवून सांगितली नाही. हेमचंद्र नदीकडे बघत ऐकत होते. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तो भात तो संध्याकाळी खातो. आंबलेला असतो. दह्यासारखा लागतो."

देवळाच्या बाजूने घंटेचा एक टोल आला.

"एकदा उतरलो होतो मी," हेमचंद्र म्हणाले. "कोलंबोला. छत्तीस साल असेल. दाढ सुजली होती, डोळा मिटला होता एका बाजूचा. साहेबानेच हाकललं, जा, काढून ये. दवाखान्यात काढली. बाहेर आलो तर पायांत जीव नाही. पायरीवर बसलो, तोंडात कापूस. बाजूला एकजण शहाळी विकत होता. तिथली शहाळी हिरवी नसतात, नारिंगी असतात. त्याने एक फोडून माझ्या हातात दिलं. मी खूण केली, पिता येत नाही. तर त्याने मला स्वतःचा गाल दाबून दाखवलं, या बाजूने पी, हळूहळू पी."

"मग?"

"प्यालो. अर्धा तास लागला असेल एक शहाळं प्यायला. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. तो दुसऱ्यांना विकायचा, मध्येच वळून बघायचा, संपलं का. ऊन होतं, पण पायरीवर सावली होती. सारखी माणसं जात होती पुढून. मी नुसता बघत होतो."

"हे लिहिलं नाहीत."

"त्यात काय लिहायचं? दाढ काढली, एवढंच तर झालं."

उमाने पाय जरा लांब केले आणि दगडाला पाठ टेकली. "कुठल्या बाजूची दाढ?" तिने विचारलं.

"डावी. खालची," हेमचंद्र म्हणाले, आणि बोटाने गालावर जागा दाखवून, तो माणूस दिसायला कसा होता ते सांगायला लागले.